माझाही बिल्ला घे

आमच्या घरात वाद दोनच गोष्टींवरून होतात, मिठावरून आणि हवेवरून. मिठाचा वाद ताटं उचलली की संपतो. हवेचा मात्र चाळीस वर्षं चालू आहे. त्यातला माझ्यासमोरचा गडी जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी मी अजून त्याला उत्तरं देतोच आहे.

यंदा तो वाद मुलीच्या घरी येऊन पोचला. मुलगी आणि जावई बर्फाच्या मुलखात राहतात, जिथं वर्षातले पाच महिने जमीन दिसत नाही. 'एक हिवाळा राहून तर बघा' म्हणून तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि सहा आठवडे गोड बोलून झाल्यावर मुद्द्यावर आली. आम्ही इथंच कायमचं राहावं असं तिचं म्हणणं. त्यासाठीचा अर्ज महिनाअखेरच्या आत भरायला हवा होता. रविवारी जेवणं झाल्यावर हात वर करून मतदान घ्यायचं ठरलं. जावई शहाणा माणूस, त्यानं आधीच जाहीर केलं की तो तटस्थ.

बायको तर पहिल्या दिवसापासूनच फितूर झालेली.

"घाम नाही, डास नाहीत, दूध नासत नाही. रात्री पंख्याची घरघर नाही. रस्त्यात कुणी कुणाशी भांडत नाही," ती बोटांवर मोजून सांगायची.

"भांडतील कसे? तोंड उघडलं तर जीभ गोठायची."

"तुम्हाला मेलं काही चांगलं बघवतच नाही."

"अगं, उकाड्यात माणसांची दारं उघडी असतात. शेजारी काय शिजतंय, कोण खोकतंय, सगळं कळतं. इथं समोरच्या घरात कुणी मेलं तरी बर्फ वितळेपर्यंत पत्ता लागायचा नाही."

"दार लावून घेतलं म्हणून माणसं वाईट होत नाहीत. आणि दादा असता ना, तर त्यानं दोन्ही हात वर केले असते."

दादाचं नाव निघालं की मी पेपर उघडायचो. इथला पेपर मला वाचता येत नाही, पण तोंड लपवायला पुरतो. मुलगी आईकडे बघून हसायची. बाबा हरले, असं तिला वाटायचं.

मी थंडीला भीत होतो असं कुणी समजू नये. माझी उभी हयात कोल्ड स्टोरेजमध्ये गेली आहे. मी भीत होतो ते ठोठावण्याला.

या घराच्या भिंतींतून गरम पाण्याचे पाइप फिरवलेले आहेत. दुपार कलली की ते वाजू लागतात. ठक ठक ठक, मग थोडं थांबून ठक ठक. मुलीनं मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "बाबा, पाइप गरम होताना फुगतात, म्हणून आवाज येतो." मी मान डोलावली. आयुष्यभर कॉम्प्रेसर आणि पाइप यांच्या संगतीत काढलेल्या माणसाला ती पाइप शिकवत होती. पाइप वाजतो ते मला माहीत आहे. पण पाइप वाजतो तेव्हा मध्ये थांबून, कुणी येतंय का, असा कानोसा घेत नाही.

आमच्या गावी, उन्हात, हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. तिथं मी सुखानं झोपलो असं म्हणवत नाही, पण झोपलो. तो उन्हात येणार नाही अशी माझी समजूत होती. त्याला ऊन कधी सोसलंच नाही. इथं मीच माझ्या पायांनी त्याच्या मुलखात चालत आलो होतो. म्हणून मला परत जायचं होतं, आणि ते एवढंच एक कारण मला कुणालाही सांगता येत नव्हतं.

तो म्हणजे बायकोचा सख्खा मोठा भाऊ. माझा मेव्हणा तो नंतर झाला, आधी कामावरचा जोडीदार. आम्ही दोघं गोठवलेल्या मालाच्या खोलीत होतो. बाहेर डांबर चपलेला चिकटेल असं ऊन, आणि आत उणे वीस. मटाराची पोती, मासळीचे खोके, रचा आणि उतरवा. अर्धा तास आत, पाव तास बाहेर. त्या पाव तासात हा गडी भिंतीला टेकून घाम पुसत थंडीची आरती सुरू करायचा. सगळे त्याला गारठा म्हणायचे आणि मला उकाडा.

"हे बघ उकाड्या," तो म्हणायचा, "थंडी वाजली की अंगावर चढवता येतं. एक चढव, दोन चढव, दहा चढव. उकाड्यात उतरवून उतरवून शेवटी कातडीशी येऊन थांबायचं. पुढं काय सोलणार?"

"पण ऊन फुकट मिळतं. तुझ्या बर्फात चूल विझली की खेळ खलास."

"बर्फात काही नासत नाही. दहा वर्षांनी काढ, जसं ठेवलं तसंच."

"मटार. माणूस नाही."

सगळी पाळी आमच्याभोवती जमून हसायची. त्यानं आयुष्यात पडणारा बर्फ पाहिला नव्हता. कॅलेंडरावरची बर्फाची चित्रं कापून तो माझ्या मुलीला आणून द्यायचा. ती आज या मुलखात राहते ती कुणामुळे, हे सांगायला नको.

आता बिल्ल्यांचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आमच्या खोलीच्या दाराबाहेर एक फळी होती आणि फळीवर खिळे. प्रत्येकाचा आकडा घातलेला पितळी बिल्ला. आत जाताना तो खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा आणि घरी जाताना फाटकाजवळच्या पेटीत टाकायचा. पाळी संपली की मुकादम फक्त फळी बघायचा. खिळे रिकामे दिसले की दिवे बंद आणि बाहेरून अडसर. आत डोकवायची पद्धतच नव्हती. फळीवर सगळ्यांचा भरवसा.

पण दुहेरी मोजे घातलेल्या हाताला बिल्ल्याची दोरी सुटत नाही. मोजा काढावा लागतो, आणि ताठलेल्या बोटांनी मोजा काढणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून जोडीदार आपापसात एक सोय करायचे. जो आधी बाहेर पडेल त्यानं मोजा काढायचा आणि दोघांचे बिल्ले घ्यायचे. मागचा आतून ओरडायचा, 'माझाही घे रे.' नियमात हे बसत नव्हतं, पण सगळ्याच जोड्या तेच करायच्या. मुकादमालाही ते ठाऊक होतं.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गारठ्यानं खिशातून एक पत्र काढलं. बर्फाच्या मुलखात, तिथल्याच एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला काम मिळालं होतं. दोन महिन्यांत निघणार. तिथं जम बसला की आम्हा तिघांनाही नेणार. "ताईला विचारलंय मी. ती तयार आहे," असं म्हणून तो हसला. धाकट्या बहिणीला तो लाडानं ताईच म्हणायचा.

"माझ्या बायकोला माझ्याआधी विचारलंस?"

"अरे, तुला विचारलं असतं तर तू उन्हाची पोथी उघडली असतीस."

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. मला नेता आली नाही. उरलेली पाळी मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. पाळी संपताना मी दारात होतो आणि तो मागच्या रांगेत कलंडलेला खोका सरळ करत होता. तिथून त्यानं रोजच्यासारखा आवाज दिला, "माझाही घे रे, आलोच."

मी मोजा काढला आणि दोन्ही बिल्ले घेतले. रोज मी त्याच्यासाठी फाटकापाशी थांबायचो, आम्ही बरोबर घरी जायचो; तो पलीकडच्या गल्लीत एकटा राहायचा, जेवायला आमच्याकडे. त्या दिवशी मी थांबलो नाही. दोन्ही बिल्ले पेटीत टाकले आणि रागारागानं निघून आलो. जेवताना बायकोनं विचारलं, "दादा आला नाही तो आज?" मी म्हणालो, "बसला असेल कुठंतरी बर्फाच्या गप्पा मारत."

सकाळी पहिल्या पाळीनं दार उघडलं तेव्हा तो दाराला टेकून बसलेला होता.

आतली धोक्याची घंटा दोन महिने बंद पडलेली होती, तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "शेवटी कोण बाहेर पडलं?" माझ्या तोंडून निघालं, "मी. तो माझ्या आधीच बाहेर पडला होता. बिल्ला त्यानं स्वतः काढला, मी बघितलं. परत कधी आत गेला, माहीत नाही." एवढं सोपं होतं ते. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती दुसरी. पहिली भीती ऑफिसच्या दाराबाहेर उभी होती, आठ वर्षांच्या आमच्या मुलीचा हात धरून.

अहवालात लिहिलं, मृत कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. त्याच्या उजव्या हातातला मोजा काढलेला होता. उणे विसात मोजा कोण काढतो? तेव्हा डोकंही ठिकाणावर नसावं, असंही त्यात होतं.

बायको रडली आणि मग तिनं रडण्याच्या जागी राग धरला. "वेंधळाच होता दादा. लहानपणापासून. कुठं चप्पल विसरेल, कुठं छत्री, आणि शेवटी स्वतःचा जीव विसरला." गेल्या सव्वीस वर्षांत तिची किल्ली हरवली, दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला, की ती भिंतीवरच्या फोटोला ऐकवायची, "तुझ्यावर गेलेय मी. तुझ्यासारखीच वेंधळी." मी शेजारी बसून ते ऐकायचो. जेवायचो, झोपायचो, कामावर जायचो. थंडीत काही नासत नाही हे गारठ्याचं म्हणणं मी खोडून काढू शकलो नाही.

मुलीच्या घरी आल्यावर माझं पहिलं लक्ष गेलं ते दाराशेजारच्या फळीकडे. फळी, तिच्यावर चार आकडे, आणि दोरी ओवलेले चार रंगीत लाकडी बिल्ले. मी उंबऱ्यातच थबकलो.

"मामाची फळी," मुलगी कौतुकानं म्हणाली. "आई सांगायची ना तुमच्या कामावरची, तशी केली. वारा सुटला की बाहेरचं दार धडाधड उघडतं आणि पडवीत बर्फ साचतो, म्हणून आतून कडी लावावी लागते. अंगणात किंवा जवळपास जाताना बिल्ला अडकवायचा, आत आलं की काढून या वाडग्यात टाकायचा. कामावर जाणारा येताना फोन करतो, त्याचा अडकवायचा नाही. फळी रिकामी असेल तरच कडी लावायची. म्हणजे मामासारखं कुणाचं व्हायला नको."

माझा बिल्ला हिरवा होता, बायकोचा लाल. सहा आठवडे मी तो विंचवाला हात लावावा तसा दोन बोटांनी धरून अडकवत होतो आणि काढत होतो. बाहेर जायचो तेही एकटा, पाव तास, आणि परत.

मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून बर्फ पडत होता. जावई कामावर गेलेला. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी तो चालवतो, त्यामुळे अशा दिवशी तो घरी असतच नाही. मुलगी माडीवरच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून ऑफिसचं काम करत होती. दुपारी जरा उघडीप झाली तशी बायकोला हुक्की आली.

"चला, पायऱ्या मोकळ्या करू. जावईबापू दमून येतील, त्यांना आणखी हे नको."

फावडी घेऊन आम्ही दोघं बाहेर पडलो, दुहेरी मोजे चढवून. बायको बर्फ उडवत होती आणि थंडीवरच्या माझ्या टोमण्यांना उत्तरं देत होती. तिचे गाल लाल झाले होते. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती, आणि ते बघून मला बरं वाटलं नाही. अर्ध्या तासात पुन्हा वारा उठला, समोरचं कुंपण दिसेनासं झालं.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी फावडी खोपटात ठेवते आणि तिथले कांदे घेऊन येते. आलेच."

खोपट म्हणजे अंगणाच्या टोकाची लाकडी खोली, घरापासून पंधरा पावलं. मी आत आलो. मोजा काढला. त्यानंतर हातानं काय केलं ते मी बघितलं नाही. आजही तो क्षण आठवायला गेलो तर मला माझा हात दिसत नाही. मी कोट टांगला, मागच्या खोलीत हीटरजवळ आरामखुर्चीत बसलो, पायांवर पांघरूण घेतलं आणि माझा डोळा लागला.

मधल्या वेळात मुलगी पाणी प्यायला खाली आली होती. हे मला नंतर कळलं. बाहेरचं दार वाऱ्यानं आदळत होतं. तिनं फळी बघितली. रिकामी. तिनं कडी लावली आणि ती पुन्हा माडीवर गेली.

मला जाग आली ती ठोठावण्यानं.

ठक ठक ठक. थोडं थांबून, ठक ठक.

आज तो नेहमीपेक्षा जवळ होता. नेहमी भिंतीतून यायचा आवाज आज घराच्या तोंडाशी येत होता. मी डोळे मिटून घेतले. पाइप आहेत, मी स्वतःला सांगितलं, पाइप आहेत. पण माझा स्वतःवर विश्वास बसला नाही. मग मी सहा आठवड्यांत जे केलं नव्हतं ते केलं. मी त्याच्याशी बोललो.

"गारठ्या, पुरे कर," मी हळूच म्हणालो. "तू जिंकलास. उद्या मी विरोधात हात वर करतो आणि तुझा मुलूख सोडून जातो. मग इथं तू एकटा राज्य कर."

ठक ठक ठक.

"मी तुला तेव्हा ऐकलं नाही. आता ऐकून काय करू?"

आवाज थांबला. खूप वेळ काहीच आलं नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. मला वाटलं, त्यानं मानलं. मग पुन्हा सुरू झाला, पण आता ठोके हळू पडत होते आणि मधलं थांबणं लांबत होतं. तो आवाज मी सव्वीस वर्षं मनात ऐकला होता. पहिल्यांदा जोरात, मग हळू, मग आणखी हळू. मला घाम फुटला. कपाळ पुसायला म्हणून मी स्वेटरच्या खिशात रुमालासाठी हात घातला.

खिशात दोन बिल्ले होते. हिरवा आणि लाल.

मी पायांतलं पांघरूण तुडवत पडवीकडे धावलो. एकदा पडलोही. कडी हाताला सापडेना. सापडली तर सरकेना. सरकली तेव्हा वाऱ्यानं दार माझ्या अंगावर आलं आणि त्याच्यामागून बायको आली. भुवया पांढऱ्या, ओठ निळे. तिच्या उजव्या हातात मोजा नव्हता. बोटांची पेरं सोलवटलेली होती.

मी तिला धरून हीटरपाशी आणली, खुर्चीत बसवली, पांघरूण गुंडाळलं. मुलीला एवढ्या जोरानं हाक मारली की हेडफोन असूनही ती धावत खाली आली. तिनं आईचे ओले कपडे काढले, कोमट पाण्याची बादली आणून तिचे हात त्यात धरले. बायकोचे दात इतके वाजत होते की शब्द फुटत नव्हता. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. धोका टळला होता. अर्धा तास बाहेर होती ती. मध्ये थोडा वेळ खोपटात जाऊन बसली, मग पुन्हा आली. फोन स्वयंपाकघरात राहिला होता आणि हाका वाऱ्यानं नेल्या.

"मोजा का काढलास गं आई?" मुलगी तिची बोटं बघत म्हणाली.

"मोजा घालून ठोठावलं की आवाजच जात नाही," बायको म्हणाली. "मऊ पडतो. म्हणून काढला."

मी भिंतीला हात टेकला. गारठ्याचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं.

"पण कडी मी लावली," मुलगी रडकुंडीला आली. "फळी बघूनच लावली, आई, शप्पथ. फळी रिकामी होती. तू जाताना बिल्ला अडकवला होतास ना?"

"अडकवला होता की." बायको थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. "अडकवला होता का? फावडी घेतली, टोपी घातली... आता सांगता येत नाही बाई. नसेल अडकवला." ती थकून हसली. "दादाचीच बहीण. त्याच्यासारखीच वेंधळी."

मुलीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघींपैकी कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. गोष्ट तिथंच मिटली होती. मला काही म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. लाल बिल्ला गुपचूप वाडग्यात टाकला असता तर उद्या मतदान झालं असतं आणि बायकोनं उरलेलं आयुष्य दोन वेंधळ्यांना बोल लावत काढलं असतं. माझा हात खिशात होता. मी कबूल करतो, तो तिथं बराच वेळ राहिला.

मग मी दोन्ही बिल्ले काढून तिच्या मांडीवरच्या पांघरुणावर ठेवले.

"तू अडकवला होतास," मी म्हणालो. "मी काढला. माझ्याबरोबर. जुनी सवय आहे."

तिनं बिल्ले बघितले. "कसली सवय?"

"आम्ही जोडीदार एकमेकांचे बिल्ले घ्यायचो. आधी बाहेर पडेल तो दोघांचे."

कोल्ड स्टोरेजवरच्या एका माणसाची ती बहीण होती आणि दुसऱ्याची बायको. तिला आणखी फोड करून सांगावं लागलं नाही. तिचे हात बादलीतल्या पाण्यात होते. पाणी हलायचं थांबलं.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही मीच."

"आणि साहेबांना सांगितलंत ते?"

"खोटं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला नजर द्यायला मी तेव्हा धजलो नाही, नंतर धजलो, आणि मग वाटलं, धजलो नसतो तर बरं झालं असतं.

"त्यानं आवाज दिला होता?" बायकोनं विचारलं.

"हो. 'माझाही घे रे, आलोच' म्हणाला."

"म्हणजे तो विसरला नव्हता."

"नाही."

"परत आत गेला नव्हता."

"बाहेर आलाच नव्हता तो."

तिनं हात पाण्यातून काढले. "सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "सव्वीस वर्षं मी त्याला नावं ठेवतेय. त्याच्या फोटोसमोर उभी राहून. आणि तुम्ही शेजारी जेवत बसायचात."

तिनं ओल्या हातानं लाल बिल्ला उचलला, मुठीत धरला, आणि मुलीचा आधार घेऊन ती माडीवर गेली. हिरवा तिनं माझ्यासाठी खुर्चीवर ठेवला.

रविवारी जेवणं झाली. मतदानाची आठवण कुणीच काढली नाही, तेव्हा बायकोनं आपण होऊन हात वर केला. त्या हाताच्या पेरांना पट्ट्या होत्या. "मी इथं राहणार," ती म्हणाली. "दादाला यायचं होतं तिथं." मुलीनं हात वर केला नाही, खालीही बघितलं नाही, ती माझ्याकडे बघत राहिली. मग मीही हात वर केला. हात वर करून मला पुण्य मिळवायचं नव्हतं. उन्हात पळून जायला मला तोंड उरलं नव्हतं, एवढंच.

अर्ज भरला. हिवाळ्याचे दोन महिने अजून बाकी आहेत. पाइप रोज दुपारी वाजतात आणि आता ते पाइपच असतात. गारठा येत नाही. त्याचं काम झालं असावं. मला त्याची आठवण येते, आणि आता ती बायकोजवळ काढायची चोरी आहे. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. आमटीत मीठ कमी असलं तरी मी सांगत नाही, आणि मी सांगितलं नाही हे तिच्या लक्षात येतं, तरी ती विचारत नाही.

रोज दुपारी ती फिरायला जाते. लाल बिल्ला फळीवर अडकवते, माझ्याकडे न बघता. ती गेली की मी पडवीत स्टूल टाकून त्या बिल्ल्यासमोर बसतो. ती परत येईपर्यंत मी पाणी प्यायलाही उठत नाही. वारा कितीही असो, कडी लावत नाही. दार नुसतं लोटलेलं असतं, धक्का दिला तरी उघडेल. हे तिला माहीत आहे. तरी ती पायऱ्या चढून येते, उजव्या हातातला मोजा काढते, ठोठावते, आणि मी उठून दार उघडेपर्यंत बाहेर बर्फात उभी राहते.